प्रतिकारपेशी कुठे उभ्या आहेत?

मेणाच्या या ठोकळ्यात गर्भाशयमुखाच्या ऊतीचा लहानसा तुकडा आहे. मायक्रोटोम या कापयंत्राच्या पात्यावरून त्याचे जेमतेम ४ मायक्रॉन जाडीचे काप निघत आहेत. कोमट पाण्यावर तरंगणारा काप तंत्रज्ञ सुरकुती पडू न देता काचपट्टीवर उचलून घेते. मेण उतरवल्यावर, रोगट पेशींना मारणाऱ्या टी पेशींवरील सीडी-८ या प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड त्यावर सोडले जाते. मग रंगद्रव्य येते आणि जिथे मारक टी पेशी असतील तिथे तपकिरी रंग उमटतो. बाकी सारे निळसर राहते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, चिवट संसर्गातून होतो. हा विषाणू रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, दाहही फारसा होऊ देत नाही. अस्तराच्या वरच्या पेशी आपोआप झडतात, त्यांच्याबरोबरच तो बाहेर पडतो. त्यामुळे अस्तरात फांद्या पसरून पहारा देणाऱ्या लँगरहान्स पेशींनाही त्याचा सुगावा लवकर लागत नाही. तरीही बहुतेक स्त्रियांच्या शरीरात प्रतिकारशक्ती वर्षा-दोन वर्षांत हा संसर्ग आटोक्यात आणते, आणि चाचणीचा अहवाल पाहून हादरलेल्या प्रत्येक स्त्रीला ही गोष्ट सर्वांत आधी सांगितली गेली पाहिजे.

आता ही दुसरी काचपट्टी पाहा. कर्करोगपेशींचे निळे पुंजके आहेत आणि तपकिरी टी पेशी त्यांच्या काठाशी दाटल्या आहेत. पुंजक्यांच्या आत मात्र त्या तुरळकच दिसतात. टी पेशी किती आहेत यापेक्षा त्या कुठे आहेत, हे म्हणूनच बारकाईने पाहावे लागते. ज्या खुणांवरून टी पेशी रोगट पेशींना ओळखतात, त्या खुणाच अनेक कर्करोगपेशी कमी करतात. प्रतिकाराला आवर घालणाऱ्या भोवतालच्या नियामक टी पेशी आणि गाठीने आपल्या बाजूला वळवलेल्या भक्षकपेशी हल्ला मंद करतात. कर्करोगपेशींवरचे पीडी-एल१ हे प्रथिन तर आत शिरलेल्या टी पेशींनाही थोपवते. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध हाच अडसर दूर करते, पण त्याचा गुण काही रुग्णांनाच येतो.

भारतात या रोगाने दरवर्षी ७० हजारांहून अधिक स्त्रिया दगावतात. एचआयव्हीमुळे टी पेशी खालावलेल्या स्त्रियांना त्याचा धोका सुमारे सहापट असतो, म्हणून इतरांची एचपीव्ही तपासणी तिसाव्या वर्षापासून सांगणारी जागतिक आरोग्य संघटना त्यांच्यासाठी ती पंचविसाव्या वर्षापासूनच सुचवते.