ओटीच्या दारापलीकडची ओळख

(ऑपरेशन थिएटरमधल्या, म्हणजे ओटीतल्या, परिचारिकांपुढे परळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

सिस्टर्स आणि ब्रदर्स, वॉर्डातल्या सिस्टरला पेशंट ओळखतो, त्याचे नातेवाईक ओळखतात. आपला पेशंट भुलीखाली असतो. त्यामुळे लोकांनी ओळखलं नाही तर मी समजू शकते. पण आपणच एकमेकींना ओळखत नाही, हे मला मनापासून खुपतं.

परळचंच घ्या. १९२६ सालचं केईएम, १९४१ सालचं टाटा मेमोरियल, वाडिया, सगळी हॉस्पिटलं चालत जाण्याच्या अंतरावर. सर्जन मंडळींची असोसिएशन १९३८ पासून आहे. एकाने नवी पद्धत वापरली की दुसऱ्याच्या कानावर जाते. आपली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन त्याहून जुनी, १९०८ची. तिचा मला अभिमान आहे, पण ती समस्त परिचारिकांची. हाडांच्या ओटीतली अडचण दुसऱ्या हाडांच्या ओटीतल्या सिस्टरलाच कळणार. अमेरिकेत ओटीच्या परिचारिकांनी १९४९ मध्येच आपली वेगळी संघटना उभारली.

लॅपरोस्कोपीचा, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून कॅमेऱ्याने बघत करायच्या ऑपरेशनचा, हुक डोळ्यांसमोर आणा: विजेच्या करंटने कापणारं लांब दांड्याचं हत्यार. त्याच्या दांड्यावरच्या, करंट अडवणाऱ्या आवरणाला धुऊन-धुऊन, ऑटोक्लेव्ह करून-करून (वाफेने निर्जंतुक करून) बारीक चीर जाते. करंट टोकाकडे जाण्याऐवजी तिथून निसटतो आणि आतड्याला चटका बसतो, तोही कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. मग काही दिवसांनी पेशंट ताप आणि फुगलेलं पोट घेऊन परत येतो. जाणती सिस्टर ट्रॉली लावतानाच दांडा दिव्याखाली फिरवून बघते, शंका आली तर बाजूला काढते. तिला हे तिच्या इन्चार्जने शिकवलेलं असतं. इन्चार्ज निवृत्त झाली, हिची बदली वॉर्डात झाली, की त्या ओटीतून ती सवयच जाते. आणि पुढच्या गल्लीतल्या हॉस्पिटलात ती कधी पोचलेलीच नसते.

दुसरी गोष्ट मोजणीची. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल चेकलिस्ट, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी तपासायच्या गोष्टींची यादी, २००८ची. आठ शहरांत तिचा अभ्यास झाला, त्यात दिल्लीही होती; मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. त्या यादीत मॉप (रक्त टिपायची कापडं), सुया, इन्स्ट्रुमेंट्स पूर्ण असल्याचं तोंडाने सांगायचं काम नर्सचं आहे. तोंडाने! कागदावर टिक कुणीही मारेल. ‘सर, थांबा, एक मॉप कमी आहे’ हे मोठ्या सर्जनला टाके घालताना सांगायला नव्या मुलीचा आवाज फुटत नाही. तो फुटतो कधी? आपल्यासारख्याच दुसरीने असं म्हटलं आणि सरांनी हात थांबवला, हे तिने त्या दुसरीच्या तोंडून ऐकलं की.

म्हणून हृदय, मेंदू, हाडं, यूरो (मूत्रमार्ग) असे छोटे गट हवेत. व्हॉट्सॲप चालेल, पण त्यावर गुड मॉर्निंग आणि नोकरीच्या जाहिरातीच येणार असतील तर नको. पेशंटचा फोटो कधीच नाही, कोपऱ्यात नाव असलेला एक्स-रेसुद्धा नाही. कुठल्या डॉक्टरांची उणीदुणीही नाहीत. खरं काम भेटीत होईल: सकाळच्या ड्यूटीनंतर, हॉस्पिटलं आळीपाळीने बदलत. आपल्या मेट्रननी त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना पुढे चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे, क्रेडिट तास मिळवून द्यावेत, ही माझी त्यांना जाहीर विनंती. नोंदणीच्या नूतनीकरणाला ते लागतातच, मग ते उपयोगाच्या विषयावर का मिळू नयेत?

पहिली भेट लॅपरोस्कोपीवाल्यांची ठेवू. येताना प्रत्येकीने आपल्या ओटीत हुक कसा तपासतात आणि खराब निघाला तर तो बदलून कोण देतं, एवढं लिहून आणा.