पर्वतीच्या पायथ्याचा गेंडा

(दृश्य : पर्वतीच्या पायऱ्या, सकाळची वर्दळ. कॅमेरा वळून सारसबागेकडे.)

निवेदन :

पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. गावोगावहून आणलेली, नजराणा म्हणून आलेली रानटी जनावरं तिथे ठेवलेली असत आणि त्यांत एक गेंडाही होता. हे कुणाच्या बखरीवर विसंबून सांगायचं नाही. १७९० साली गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने त्या गेंड्याचं चित्र काढलं. गंगाराम पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे रेसिडेंट, चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करत असे. त्याचं ते जलरंगातलं चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

युरोपात गेंडा म्हटलं की जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररचं चित्र दाखवतात. १५१५ साली गुजरातच्या सुलतानाने दिलेला एक गेंडा जहाजाने लिस्बनला पोहोचला. ड्यूररने तो पाहिलाच नाही. आलेल्या वर्णनावरून आणि दुसऱ्याने काढलेल्या रेखाटनावरून त्याने जनावराला लोखंडी चिलखत चढवलं आणि पाठीवर एक जादा शिंगही बसवून दिलं! तेच चित्र पुढे दोन-अडीचशे वर्षं खरं मानलं गेलं. आमच्या गंगारामाचं नाव मात्र पुण्यातसुद्धा फार जणांना ठाऊक नाही. असो.

(दृश्य : नदीकाठचं उंच गवत, वाऱ्यावर हलणारं.)

पुण्याच्या रानात तेव्हा गेंडे नव्हते. तो दुरून आणलेला होता. पण थोडं मागे गेलं तर गेंडा आपल्यापासून इतका लांब नव्हता.

डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकलियांनी १९४० च्या दशकात उत्तर गुजरातेत लांघणज इथे उत्खनन सुरू केलं. वाळूच्या टेकाडावर राहणाऱ्या शिकारी माणसांची ती जागा. तिथे गेंड्याच्या खांद्याचं रुंद हाड सापडलं आणि त्यावर बारीक खाचखळगे होते. त्या माणसांनी हे हाड ऐरणीसारखं खाली ठेवून त्यावर दगडाची छोटी छोटी हत्यारं घडवली होती. आज त्या भागात पाण्यासाठी बोअर किती खोल न्यावी लागते ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा. आणि तिथे गेंडा चरत होता! म्हणजे गवत होतं, तळी होती, लोळायला चिखल होता.

दक्षिणेला गोकाकजवळ, घटप्रभेच्या खोऱ्यात तर त्याहून कितीतरी जुने, जीवाश्म झालेले अवशेष मिळाले. रॉबर्ट ब्रूस फूट या इंग्रज भूवैज्ञानिकाने १८७४ साली त्यांचं वर्णन केलं आणि त्या गेंड्याला दख्खनचंच नाव दिलं. आणि १९७४ मध्ये नगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला मातीखालून चार ब्राँझच्या वस्तू निघाल्या : बैलांचा रथ, हत्ती, रेडा आणि चाकांवर उभा असलेला गेंडा. त्या नेमक्या किती जुन्या यावर अभ्यासकांचे वाद झाले. ज्याने तो गेंडा ओतला त्याला जनावराची ठेवण माहीत होती, एवढं त्या मूर्तीकडे पाहून कुणीही म्हणेल.

बाबराने सिंधूच्या पलीकडे गेंड्यांची शिकार केल्याचं स्वतः लिहून ठेवलंय. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा या तिन्ही नद्यांच्या पूरमैदानांत हे जनावर पसरलेलं होतं. आज ते आसाम, उत्तर बंगाल, नेपाळची तराई आणि उत्तर प्रदेशातलं दुधवा एवढ्यावर येऊन ठेपलंय.

(दृश्य : काझीरंगा, धुकं. गवतातून आधी कान दिसतात, मग पाठ.)

एकशिंगी गेंडा जवळून पाहायचा तर त्याच्या ओठाकडे पाहा. वरचा ओठ टोकदार असतो आणि तो पुढे काढून गेंडा उंच गवताचा झुबका धरतो, वाकवतो, शेंडा तोडतो. तेच आखूड गवत आलं की ओठाचं टोक आत मुडपून घेतो आणि गाईसारखा जमिनीलगत चरतो. नराचं वजन दोन टनांच्या आसपास, आणि हा सगळा डोलारा मुख्यतः गवतावर उभा.

नजर अधू. कान आणि नाक मात्र तल्लख. वाऱ्याची दिशा बदलली की डोकं वर येतं, कान वेगवेगळ्या बाजूंना फिरतात.

राजकारण्यांना उद्देशून आपण ज्या कातडीचा उद्धार करतो, ती जाड खरी, पण तिच्या घड्यांमधली त्वचा मऊ असते. तिथे गोचिडी शिरतात, माश्या चावतात. म्हणून उन्हाळ्यात तासन्‌तास डबक्यात बसणं. पाठीवर बगळे आणि साळुंक्या, पोटाखाली चिखल.

शिंगाबद्दलही एक गैरसमज आहे. भारतीय गेंडे मारामारी करतात ती मुख्यतः दातांनी. खालच्या जबड्यातले पुढचे दात सुळ्यांसारखे लांब आणि धारदार असतात. दोन नर भिडले की बरगड्यांवर, मांड्यांवर उघड्या जखमा होतात आणि हरलेला कधीकधी त्यातच मरतो.

आणि त्यांचे शेणाचे ढीग! एकाच जागी अनेक गेंडे येऊन शेण टाकतात. कोण आलं, कोण गेलं, कुठली मादी माजावर आहे, हे वासावरून पुढच्याला कळतं. त्या ढिगांत बिया रुजतात, झाडं उगवतात. गेंडा हमखास तिथे परत येणार हे शिकाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो ढिगाजवळच दबा धरतो.

(दृश्य : मादी आणि पिल्लू, गवताच्या कडेला.)

मादीचा गाभणकाळ साधारण सोळा महिन्यांचा. एका वेळी एकच पिल्लू, आणि दोन वेतांत तीनेक वर्षांचं अंतर. काझीरंग्यात वाघ पिल्लांवर टपून असतात, त्यामुळे आई त्याला नजरेआड होऊ देत नाही. एक मादी गोळीला बळी पडली की पुढची कित्येक वेतं गेली, शिवाय पायाशी असलेलं पिल्लूही बहुधा जगत नाही.

शिंग म्हणजे केराटिन. आपल्या नखात असतं तेच. त्यात औषध नाही, पण मागणी आहे. २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत आसामात दर वर्षी पंचवीसहून अधिक गेंडे मारले गेले. मग पहारा वाढला, खास दल उभं राहिलं, आणि २०२२ साली आसामात एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. त्याआधी, २२ सप्टेंबर २०२१ ला, काझीरंग्याजवळच्या बोकाखात इथे सरकारने कोठारात साठलेली २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली.

२०२२ च्या गणनेत काझीरंग्यात २,६१३ गेंडे निघाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मोजकेच उरले होते हे लक्षात घेतलं तर हे यश साधं नाही. पण जगातले बहुतांश एकशिंगी गेंडे एकाच उद्यानात, एकाच नदीच्या काठाला आहेत, याची काळजी वाटायला हवी.

(दृश्य : जुलै. पाण्याखाली गेलेलं उद्यान, हवाई दृश्य.)

ब्रह्मपुत्रा दर पावसाळ्यात चढते. बातम्यांत आपण पाण्यात अडकलेले गेंडे पाहतो आणि पुराला शत्रू ठरवून मोकळे होतो. पण पूर आला नाही तर काझीरंगाच उरणार नाही. पाणी गाळ टाकतं, बिलं, म्हणजे तिथली तळी, धुऊन काढतं, जलपर्णी वाहून नेतं, आणि रानाला झाडोऱ्यात बदलू न देता गवताळ ठेवतं. मुठेच्या पात्रात राडारोडा टाकून रस्ते करणाऱ्या आणि मग पाणी घरात शिरलं म्हणून नदीवर चिडणाऱ्या पुणेकरांना हे समजायला थोडं जड जाईल.

मोडलंय ते वेगळंच. पाणी वाढलं की जनावरं दक्षिणेला कार्बी आंगलोंगच्या टेकड्यांकडे निघतात. मधे राष्ट्रीय महामार्ग आहे, हॉटेलं आहेत, भिंती आहेत. पुराच्या दिवसांत वनखातं ट्रकवाल्यांना वेळ लिहिलेलं कार्ड देतं. पुढच्या नाक्यावर गाडी ठरलेल्या वेळेआधी पोहोचली, म्हणजे ती दामटली, की दंड. उद्यानाच्या आत मातीचे उंचवटेही बांधलेत. त्यांवर गेंडा, हरणं, रानडुकरं पाणी ओसरेपर्यंत शेजारी शेजारी उभी राहतात.

(दृश्य : बाटलीने दूध पिणारं पिल्लू, कर्मचाऱ्याचे हात.)

आईपासून तुटलेली पिल्लं काझीरंग्याजवळच्या पुनर्वसन केंद्रात येतात. भूक लागली की ती बारीक आवाजात ओरडतात. दोन-तीन वर्षं तिथे वाढवून त्यांतली काही पश्चिम आसामातल्या मानस राष्ट्रीय उद्यानात नेली गेली. मानसमधले गेंडे १९९० च्या दशकातल्या अशांततेत पुरते संपले होते. २००८ पासून पोबितोरा अभयारण्यातले आणि काझीरंग्यातले मोठे गेंडेही बेशुद्ध करून, ट्रकमध्ये चढवून तिकडे हलवले गेले. सुरुवातीला काही शिकाऱ्यांनी मारले, तरीही काम थांबवलं नाही. बाटलीच्या दुधावर वाढलेल्या माद्यांना आता मानसच्या गवतात पिल्लं झाली आहेत, आणि तिथल्या ठाण्यांवरचे वनरक्षक रात्रपाळीला या गेंड्यांवर लक्ष ठेवून असतात.