खाल्लेलं अंगाला का लागत नाही
(न्यू जर्सीत मराठी मंडळींसमोर एका पशुवैद्यानं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आधी एक खुलासा, जो मला दर वेळी करावा लागतो. फेरेट म्हणजे मुंगूस नव्हे. तो पाणमांजराच्या भाऊबंदांपैकी, युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाळलेला. हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्क शहरात गेलात तर तो पाळायला बंदी आहे, इथे आपल्याकडे मात्र बरेच जण पाळतात. आणि पाळणाऱ्यांची माझ्याकडे येणारी पहिली तक्रार एकच: "डॉक्टर, खातो खूप, पण अंगाला लागत नाही."

एका घरची गोष्ट सांगतो. नातवाचा फेरेट, नर, थंडीत १४०० ग्रॅम होता. मे महिन्यात तो १०५० ग्रॅमवर आला. त्याच सुमारास साताऱ्याहून आजी आल्या. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मणके लागले, आणि त्या म्हणाल्या, "अगं, हे लेकरू उपाशी ठेवता काय?" दुसऱ्या दिवसापासून वाटीत दूधभात, वर साजूक तूप. पठ्ठ्या चाटूनपुसून खायचा. दोन आठवड्यांनी माझ्याकडे आला तेव्हा ९०० ग्रॅम, आणि शेपटीखाली सगळं भरलेलं.

आता यात आजींचं चुकलं काय? माया नव्हे. मेमधलं ते उतरलेलं वजन आजार नव्हताच! फेरेट हिवाळ्याआधी चरबी साठवतो आणि वसंतात उतरवतो. काहींमध्ये, विशेषतः नरांमध्ये, हा फरक ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून घाबरू नका. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर डबा ठेवून दर रविवारी वजन करा, वहीत लिहा. मादी साधारण ६०० ते ९०० ग्रॅम, नर १ ते २ किलो. पण तुमच्या जनावराचं गेल्या वर्षीचं याच महिन्यातलं वजन या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त सांगतं.

खरं नुकसान केलं दूधभातानं. या प्राण्याचं आतडं आखूड असतं. अंधांत्र, म्हणजे सिकम, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असणारी पिशवी, नाहीच. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. भात, पोळी, फळं पचवायला लागणारा वेळ आणि जागा दोन्ही नाहीत, आणि दुधातल्या साखरेनं जुलाब होतात. शिवाय भूक जबरदस्त. आपल्यासारखा ६० किलोचा माणूस दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर किलोमागे ३३ खातो. फेरेटला किलोमागे २०० ते ३०० लागतात. म्हणून तो दिवसातून आठ-दहा वेळा तोंड घालतो, आणि वाटी रिकामी राहता कामा नये. खाणं मांसाचं हवं: ३० ते ४० टक्के प्रथिनं, निदान १५ ते २० टक्के चरबी, चोथा ३ टक्क्यांच्या आत. चांगलं फेरेटचं किंवा मांजराच्या पिल्लांचं कोरडं खाणं चालतं. कुत्र्याचं नको. त्यातल्या वनस्पती प्रथिनांनी लघवीत खडे होतात.

वजन चढवायला इथले फेरेटवाले 'डक सूप' करतात. त्यात बदक असेलच असं नाही, सूपही म्हणता येणार नाही. माझी पद्धत सांगतो. कोंबडीची मांडी कातडीसकट शिजवायची. मीठ, कांदा, लसूण अजिबात नाही (फोडणी तर नाहीच, हो, कुणीतरी विचारलं होतं). हाडं काढून टाकायची. त्याच पाण्यात त्याचं नेहमीचं कोरडं खाणं भिजवून मांसासकट मिक्सरमधून पातळ पिठल्याइतकं करायचं. नुसत्या मांसात कॅल्शियम अगदी थोडं असतं, म्हणून ते खाणं सोडायचं नाही. वर उकडलेल्या अंड्याचा बलक. कोमट करून एक-दोन चमचे, दिवसातून चार-पाचदा. या सूपाची वाटी तासाभरानं उचला.

तो नाक मुरडणार. सहा महिन्यांपर्यंत जे खाल्लं तेच अन्न, अशी याची समजूत असते. बोटाला लावून चाटवा, थोडं हिरडीला लावा, रोज. आठवडे लागतात. मी स्वतः एका मादीपुढे पंधरा दिवस हरलो आहे.

पण खाऊनही आठवड्यामागून आठवडे उतरत असेल, तर स्वयंपाक थांबवा आणि विष्ठा बघा. भगरीसारखे दाणे दिसले तर आतड्याचं अस्तर बिघडलेलं असू शकतं. फेरेटच्या कोरोनाविषाणूच्या साथीत (माणसांचा कोविड नव्हे) विष्ठा हिरवी, चिकट होते, आणि त्यानंतर हे दाणे महिनोन् महिने राहतात. उलट्या, दात खाणं, विष्ठा बंद ही रबराचा तुकडा गिळून आतड्यात अडकल्याची खूण. अशा वेळी पिचकारीनं जबरदस्तीनं भरवू नका, लगेच घेऊन या.

आणि तीन-चार वर्षांपुढच्या जनावरात इन्सुलिनोमा. स्वादुपिंडातली ही गाठ रक्तातली साखर खाली खेचते. जनावर शून्यात बघत राहतं, तोंडावर पंजे घासतं, लाळ गाळतं, मागचे पाय लुळे पडतात. तो गळून पडला तर हिरडीला थोडा मध लावा, शुद्धीवर आल्यावर मांस द्या, आणि दवाखाना गाठा. एरवी मध, केळं, मनुका बंद. गोडानं इन्सुलिन उसळतं आणि साखर आणखी कोसळते. लाडानं मध चाटवणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, हे स्पष्ट सांगतो.

त्या आजींचं पुढं काय झालं? दूधभात बंद झाला, कोंबडी त्याच शिजवू लागल्या. स्वतः शाकाहारी, तरी नाकाला पदर लावून. ऑक्टोबरात तो १३०० ग्रॅम भरला. मी काटा आणलाय, मागच्या टेबलावर आहे. ज्यांनी जनावर बरोबर आणलंय त्यांनी चहा घ्यायच्या आधी वजन करून घ्या, चहानंतर ते झोपतात.