मुक्त लेखकाची रजा

श्रोतेहो, नमस्कार. नोकरी न करता अनुवाद, वृत्तपत्रीय सदर, जाहिरातीची संहिता अशा कामांवर उपजीविका करणाऱ्या मुक्त लेखकांना ‘तुमचे बरे, हवे तेव्हा हवे तिथे जाता येते’ असे नेहमी ऐकावे लागते. प्रत्यक्षात ज्याला रजेचा अर्ज कोणाकडेच द्यायचा नसतो, त्याची रजा मंजूर करणाराही कोणी नसतो, आणि बहुतेकदा ती वर्षानुवर्षे घेतलीच जात नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा दिली. आपल्याला असे संरक्षण नाही; म्हणूनच ही रजा आपल्या दरातच धरली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. वर्षाला ५२ नव्हे, तर ४६ आठवडेच काम होणार असे गृहीत धरून शब्दाचा दर काढला, तर उरलेल्या दिवसांत उत्पन्न बुडाल्याची टोचणी लागत नाही.

मराठी लेखकाच्या वर्षाला स्वतःची एक लय आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढे ती प्रथाच पडली; त्यामुळे आपल्या लेखनाचा हंगाम ऐन पावसाळ्यात येतो. दिवाळी उलटली की हात मोकळे होतात, हवाही प्रवासाला उत्तम असते. परंतु मानधन तोवर जमा झालेले असेलच असे नाही, आणि ज्यांना आगाऊ कर भरावा लागतो त्यांचा हप्ता १५ डिसेंबरला उभा असतो. तेव्हा या प्रवासाचे पैसे उन्हाळ्यातील कामांतून वेगळे काढून ठेवावे लागतात. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, म्हणजे तिकीट काढण्याची वेळ नेमकी लेखनाच्या घाईत येते. ते तेव्हाच काढावे आणि त्याच दिवशी संपादकांना व ग्राहकांना तारखा कळवाव्यात. हाती तिकीट असले की नवे काम नाकारणे पुष्कळ सोपे जाते.

मात्र लेखनासाठी केलेला प्रवास म्हणजे रजा नव्हे. हंपीला जाऊन देवळांच्या नोंदी घेणे, छायाचित्रे काढणे, वाटाड्याशी बोलणे हे सारे आनंदाचे असले तरी कामच आहे, आणि त्याचा खर्च व वेळ मानधन ठरवतानाच मागायला हवा. विश्रांतीचे दिवस त्याला जोडून, पण वेगळे ठेवावेत, आणि त्या दिवसांत लॅपटॉप घरीच राहावा. सोबत नेला की मुद्रितशोधनाचे एखादे ‘पाच मिनिटांचे’ काम येते, आणि कोकणातल्या आडगावी नेटवर्क शोधण्यात संध्याकाळ जाते. घरच्या माणसांचीही ती सुट्टी असते, हे आपण फार सहज विसरतो.

आठ-दहा दिवसांची गैरहजेरी ज्याला चालत नाही, असा ग्राहक आपल्या आजारपणातही थांबणार नाही. म्हणून उत्पन्नाचा मोठा वाटा एकाच ठिकाणाहून येत असेल, तर पुढच्या रजेआधी दुसरे एक-दोन स्रोत उभे करण्याला मी प्रवासाच्या आखणीइतकेच महत्त्व देईन.