मालमची फेरी

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या यॉर्कशर डेल्समधल्या मालम गावाला निघताना उद्याचा पाऊस बघाच, पण त्याआधी गेल्या दोन दिवसांत किती पडला ते बघा. १२ किलोमीटरच्या या पायी फेरीत कुठून चढायचं, ते त्यावर ठरतं.

लीड्सहून रेल्वेनं स्किप्टन, पुढे बस. बस मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधीच लिहून घ्या.

गावाबाहेर ओढ्याकाठानं जॅनेट्स फॉस या धबधब्याकडे वाट जाते. मे महिन्यात इथल्या झाडीत रानलसणीचा वास कोंदलेला असतो. धबधबा लहानसा, पण त्याच्यामागचा कातळ पाण्यानंच घडवलेला आहे. पाण्यात विरघळलेला चुना शेवाळावर बसत बसत त्याचा पडदा झाला. खालच्या डोहात पूर्वी लोकर कातरण्याआधी मेंढ्या धूत.

पुढे गोर्डेल स्कार ही घळ. दोन्हीकडचे कडे अंगावर येतात, घळ वळते आणि समोर धबधबा. वर जायची वाट त्याच्याच कडेच्या कातळावरून, हातांचा आधार घेत. खरा पेच इथे आहे. उघडीप असली तर खाचा मोकळ्या मिळतात. पाऊस होऊन गेला असेल तर त्या पाण्याखाली जातात, आणि अर्ध्यावरून उतरणं चढण्याहून कठीण. अशा वेळी मुकाट मागे फिरा. गोर्डेल पुलाजवळून मालम कोव्ह या उंच कड्याच्या माथ्याकडे जाणारी पाऊलवाट धरा. वरचं मालम टार्न तळं हुकेल, फेरी ८ किलोमीटरवर येईल, बिघडत काही नाही.

चढून गेलात तर ३७७ मीटर उंचीवर मालम टार्न हे तळं लागतं. चुनखडीच्या मुलखात पाणी ठरतं कसं? तळाशी पाणी न झिरपणारा पाटीचा दगड आहे म्हणून. तळ्यातून निघालेला ओढा चुनखडी लागताच दगडगोट्यांत गडप होतो आणि तुम्ही कोरड्या दरीतून उतरू लागता. कोव्हच्या पायथ्याशी झरा दिसला की वाटतं, हाच तो ओढा. तसं नाही! तळ्याचं पाणी मुख्यतः गावाच्या दक्षिणेला, एअर हेडला वर येतं. कोव्हचा झरा दुसरीकडे मुरलेल्या पाण्याचा. डेस्मंड वादळात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, जमिनीखालच्या वाटांना पाणी पेललं नाही आणि कोव्हच्या माथ्यावरून काही काळ धबधबा कोसळला.

त्या माथ्यावर निसर्गाचीच फरसबंदी आहे. लाद्यांना क्लिंट म्हणतात, मधल्या भेगांना ग्राइक. भेगेत वाकून बघा. मेंढीचं तोंड पोचत नाही, ओल टिकते, म्हणून आत हिरवेगार नेचे. पण लाद्या बुटांनी घासून गुळगुळीत झाल्यात, भिजल्या की साबणच. घोटा मुरगळतो तो पाय भेगेत आणि अंगाचा झोक पुढे, असं झालं की. पाऊल लादीच्या मधोमध टेका, फोटो थांबूनच काढा. काठीचं टोक भेगेत अडकतं, तेवढ्यापुरती मिटून ठेवा. धुक्यात कड्याची धार कळत नाही. कठडा नाही आणि खाली ८० मीटर. पश्चिमेच्या बाजूनं सुमारे ४०० पायऱ्या आहेत, तिथूनच उतरा.

शेतांच्या बांधाला कोकणातल्या गडग्यांसारखे नुसते रचलेले दगड. त्यांवर चढू नका, एक निसटला की शेजारचे ढासळतात. ओलांडायला पायऱ्या किंवा फाटक असतंच. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवा. वासरं असलेल्या गाईंना लांबून वळसा घाला.

वेळेचा हिशेब ताशी ५ किलोमीटर, वर प्रत्येक १०० मीटर चढाला १० मिनिटं. कागदावर तीन तास होतात, धरा पाच. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दहाच्या आत निघा आणि डोक्याला लावायची बॅटरी घ्या. अडकलात तर ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावून आधी पोलीस मागा, मग त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचावपथक. फोनला रेंज नसेल तर शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.