सही होते तोवर

(दृश्य: नागपूरचा मेडिकल चौक, सकाळची ओपीडी, केसपेपरची रांग)

या रांगेतल्या कितीतरी घरांत एक वाक्य नेहमीचं असतं: "वयामुळे विसरतात, होतं असं." साठीपुढच्या शंभर भारतीयांमागे साधारण सात जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला देशव्यापी अभ्यास सांगतो. तरी या आजाराच्या नावाची वेगळी पेन्शन नाही. मदत मिळते ती 'ज्येष्ठ नागरिक' किंवा 'दिव्यांग' म्हणून. त्यासाठी आधी निदानाचा कागद हवा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांच्या यादीत डिमेन्शिया हा शब्द सापडत नाही. पण मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान बिघडणं येतं, त्या आधारावर प्रमाणपत्र मागता येतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. आयकराच्या नियमांत मात्र डिमेन्शिया नावानिशी येतो (1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 80डीडीबी). 40 टक्के दिव्यांगत्व आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी असेल, तर जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांच्या उपचारखर्चावर 1 लाखापर्यंत वजावट मिळते.

सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. पण रुग्णालयात भरती झालं तरच! या आजाराचा पैसा जातो तो घरात: गोळ्या, डायपर, रात्रीची बाई. तिथं हे कार्ड चालत नाही, आणि ही उणीव सरकारनं भरून काढायलाच हवी. गरीब घरातल्या पासष्टीपुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे, महिन्याला 1500 रुपये. अर्ज तहसील कार्यालयात.

(दृश्य: बँकेचं काउंटर)

खरी अडचण इथं येते. सून फॉर्म पुढे सरकवते. "आई, इथं सही करा." आजी पेन हातात धरून तिच्याकडे पाहतात. "कायची सही व?" मग कागदावर एक वाकडी रेघ उमटते. ती नमुना सहीशी जुळत नाही, आणि पेन्शनचे पैसे खात्यातच राहतात.

मुखत्यारपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडे ते कायद्यानंच संपतं. मग पालक नेमून घेण्यासाठी अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयात जावं लागतं, म्हणजे आपल्याला सिव्हिल लाइन्सच्या नागपूर खंडपीठात. वकील, वैद्यकीय अहवाल, तारखा. म्हणून निदान झालं त्याच महिन्यात, माणूस समजून बोलतोय तोवर, संयुक्त खातं, वारसनोंद आणि मृत्युपत्र ही कामं उरकून घ्या. त्यांना विचारून, त्यांच्या मनाप्रमाणे.

चौकशीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416, चोवीस तास. रात्र-रात्र जागून सांभाळणाऱ्यांनीही टेलिमानसला स्वतःसाठी फोन करावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.