हॉट सीटचं गणित

[दृश्य: रिकामा सेट. मधोमध समोरासमोर दोन उंच खुर्च्या, कडेने स्पर्धकांची अर्धगोल रांग. दिवे एकेक करून लागतात.]

निवेदन:
३ जुलै २०००. स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. पंधरा प्रश्न, चार पर्याय, एक कोटी. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती ठरले. ते तेव्हा यूपीएससीचा अभ्यास करत होते. त्यामुळे घराघरात एक समज पक्का झाला, की हा खेळ अभ्यासू माणसाचा.

ते अर्धंच खरं. अभ्यास तुम्हाला खुर्चीपर्यंत नेतो. खुर्चीत बसल्यावर खरा प्रश्न वेगळा असतो: चुकलो तर हातातलं किती जाणार? आणि त्याचा हिशेब घरून करून आलेले स्पर्धक फार थोडे असतात.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. नोंदणीचा प्रश्न.]

निवेदन:
सुरुवात नोंदणीपासून. ठरावीक दिवस रोज रात्री टीव्हीवर एक प्रश्न विचारला जातो. उत्तर एसएमएसने किंवा सोनी लिव्ह अ‍ॅपवरून पाठवायचं. ‘कोण होणार करोडपती’ या मराठी कार्यक्रमाने तर मिस्ड कॉलचीही सोय दिली होती. हा प्रश्न सोपाच असतो, त्यामुळे बरोबर उत्तरांचा ढीग पडतो आणि पुढची निवड संगणक सोडतीसारखी करतो. म्हणून एकच प्रश्न पाठवून वाट बघत बसू नका. नोंदणीचे जितके दिवस, तितक्या दिवसांची उत्तरं पाठवा.

नाव निघालं की फोन येतो. अनोळखी नंबर उचलायची सवय नसेल तर संधी इथेच हुकते. फोनवर सामान्यज्ञानाचे प्रश्न असतात. त्यातून निवड झाली की ऑडिशन, म्हणजे लेखी चाचणी आणि मुलाखत. २०२० साली हे सगळं ऑनलाइन झालं, स्वतःचा व्हिडिओही पाठवावा लागला.

मुलाखतीत बरेच जण पाठांतर दाखवायला जातात. पण ज्ञान तर चाचणीत मोजून झालेलं असतं. इथे बघतात ते हे, की हा माणूस कॅमेऱ्यासमोर तासभर बोलू शकेल का. ‘मला समाजासाठी काहीतरी करायचंय’ या वाक्याने कुणाचं भलं झालेलं नाही. काम काय करता, गावात कशाचं पीक येतं, पैसे मिळाले तर नेमकं कोणतं कर्ज फेडणार, हे सरळ सांगा.

[दृश्य: चार बटणांचं यंत्र, जवळून. चार बोटं बटणांवर टेकलेली.]

निवेदन:
आता फास्टेस्ट फिंगर. रांगेत साधारण दहा जण. एक प्रश्न, चार पर्याय, आणि ते क्रमाने लावायचे. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. उत्तर दहाही जणांना येत असेल, तरी खुर्ची एकालाच मिळते.

एक नमुना घेऊ. भारतरत्न मिळाल्याच्या वर्षानुसार क्रम लावा. ए, लता मंगेशकर. बी, पां. वा. काणे. सी, धोंडो केशव कर्वे. डी, विनोबा भावे.

[दृश्य: पडद्यावर चार नावं. एकेक नाव उजळतं.]

निवेदन:
चारही सनावळ्या आठवत बसलात तर गेलात. आधी दोन टोकं पकडा. कर्व्यांना हा सन्मान शंभरीच्या उंबरठ्यावर मिळाला, १९५८ साली. ते पहिले. लताबाईंना २००१ साली, त्या शेवटच्या. मध्ये उरले दोघं. विनोबांना मरणोत्तर मिळाला, म्हणजे १९८२ नंतरच; साल १९८३. काणे १९७२ सालीच गेले आणि त्यांना हयातीत मिळाला होता, म्हणजे ते नक्की आधी. साल १९६३ होतं हे माहीत नसलं तरी अडत नाही. उत्तर: सी, बी, डी, ए.

सराव करायचा तो असा, टोकं आधी आणि मधले दोघं नंतर. आणि प्रश्नातली दिशा दोनदा वाचायची. ‘उत्तरेकडून दक्षिणेकडे’ असं असताना कितीतरी हात उलटे पडतात. शिवाय नकाशा डोक्यात तिरका असतो: नागपूर आपल्याला ‘पूर्वेला’ वाटतं, त्यामुळे ते नाशिकच्याही उत्तरेला आहे हे घाईत सुचत नाही.

२०२१ च्या पर्वात एकाऐवजी सलग तीन प्रश्न ठेवले होते. एका नशिबाच्या फटक्यावर खुर्ची मिळणं त्याने थोडं कमी झालं. आमच्या मते तो बदल चांगला होता.

[दृश्य: प्रश्नांची शिडी. दहा हजार आणि तीन लाख वीस हजार या पायऱ्या वेगळ्या रंगात.]

निवेदन:
आता शिडी. पर्वागणिक आकडे बदलतात. आपण २०१९ चं पर्व घेऊ. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, एक कोटी जिंकल्या होत्या.

सोळा प्रश्न. पाचव्याला दहा हजार, दहाव्याला तीन लाख वीस हजार. हे दोन पडाव. पुढे सहा लाख चाळीस हजार, साडेबारा लाख, पंचवीस लाख, पन्नास लाख, एक कोटी आणि शेवटी सात कोटी. चुकलात तर मागच्या पडावावर घसरता. सोडलात तर हातात आहे ते तुमचं.

इथून हिशेब सुरू होतो. दहावा प्रश्न सुटला, तीन लाख वीस हजार झाले आणि अकरावा समोर आला. उत्तर येत नाही. सोडलं तर तीन लाख वीस हजार. चुकलं तरी तीन लाख वीस हजार! अकरावा प्रश्न फुकटचा आहे, तसाच सहावाही. तिथे हात जोडून उठणं म्हणजे बरोबर उत्तराची चारात एक शक्यता टेबलावर ठेवून जाणं. तरीही माणसं उठतात, कारण ‘चुकून जाण्यापेक्षा मानाने जाऊ’ असं वाटतं. मानाचं ठीक आहे, पण तो मान फार महागात पडतो.

याच्या उलट दहावा. हातात एक लाख साठ हजार, आणि चुकलं तर थेट दहा हजार. खालच्या दहांत सगळ्यात मोठी उडी खाली इथेच आहे. म्हणून लाइफलाइन, म्हणजे अडल्यावर घेता येणारी मदत, राखून ठेवायच्या त्या दहाव्यापर्यंत, त्याच्यापुढे नाही. दोन लाइफलाइन शिल्लक असताना दहाव्यावर अंदाजाने पडलेला स्पर्धक बघवत नाही. न वापरलेल्या लाइफलाइनचे पैसे कुणी देत नाही.

[दृश्य: फळ्यावर खडूने आकडेमोड.]

निवेदन:
पन्नास लाखांवर उभे आहात, पुढचा प्रश्न एक कोटीचा. चुकलात तर सेहेचाळीस लाख ऐंशी हजार जाणार, जिंकलात तर पन्नास लाख वाढणार. नुसत्या गणिताने पाहिलं तर ४८ टक्क्यांच्या वर खात्री असेल तरच खेळावं. साडेबारा लाखांवर उभे असाल तर हीच सीमा ४३ टक्के. म्हणजे दोन पर्याय खरोखर बाद झाले असतील तर गणित कसंबसं खेळायला सांगतं, तीनांत अडकला असाल तर नाही.

सात कोटींचं मात्र अजबच. एक कोटी हातात, चुकलं तर तीन लाख वीस हजार. इथे सीमा येते अवघी १४ टक्के. डोळे मिटून बोट ठेवलं तरी शक्यता २५ टक्के असते, म्हणजे गणित म्हणतं, खेळा. पण एक कोटीने घर होतं, कर्ज फिटतं, मुलांचं शिक्षण होतं. सात कोटी म्हणजे त्याच्या सातपट सुख नव्हे. बबिता ताडे सात कोटींच्या प्रश्नावर थांबल्या. गणित त्यांच्या विरुद्ध होतं, तरी निर्णय बरोबरच होता.

२०२२ च्या पर्वात हे चित्र बदललं. पंचाहत्तर लाखांचा नवा पडाव आला आणि शेवटचा प्रश्न साडेसात कोटींचा झाला. आता एक कोटीवरून चुकलं तर फक्त पंचवीस लाख जाणार होते. त्या पर्वात कोल्हापूरच्या कविता चावला एक कोटीपर्यंत पोहोचल्या आणि त्याही शेवटच्या प्रश्नावर थांबल्या. तिथे मात्र हिशेब इतका एका बाजूला झुकलेला होता, की खेळायला हरकत नव्हती असंच आम्ही म्हणू. अर्थात घरात बसून.

[दृश्य: लाइफलाइनची चिन्हं.]

निवेदन:
लाइफलाइनबद्दल थोडं सविस्तर. फिफ्टी-फिफ्टी. सगळ्यांची तक्रार एकच: ‘ज्या दोघांत गोंधळ होता तेच दोन उरले.’ संगणक दोन चुकीचे पर्याय कसलाही विचार न करता काढत असेल, तर हे तीनांत एकदाच व्हायला हवं. तुम्ही स्वतः दोन पर्याय पक्के बाद केले आहेत आणि दोघांत अडकला आहात, तर तीनांत दोनदा ही लाइफलाइन सरळ उत्तर देऊन जाते. काहीच येत नसताना घेतली तर हाती काय येतं? नाणेफेक. म्हणजे ती वापरायची जागा ‘अजिबात येत नाही’ ही नसून ‘दोघांत अडकलोय’ ही आहे.

प्रेक्षकांचा कौल. ज्यांना येत नाही ते साधारण चारही पर्यायांवर सारखे विखुरतात, ज्यांना येतं ते एकावर जमतात. शंभरातल्या दहा जणांना जरी येत असलं तरी त्यांचा पर्याय तेहतीसच्या आसपास जातो, बाकीचे बावीस-तेवीसवर राहतात. म्हणून कमी टक्क्यांची आघाडीही कधी कधी खरी असते. ही लाइफलाइन फसते ती सगळ्यांचा गैरसमज एकच असतो तेव्हा. तुर्कस्तानची राजधानी विचारली तर न येणारे विखुरत नाहीत, सगळे इस्तंबूलवर जातात. अंकारा बिचारं मागे. सिनेमा, क्रिकेट, पुराणकथा, रोजचं जगणं यांसाठी प्रेक्षक. ‘सगळ्यांना माहीत असलेल्या’ भूगोलासाठी नाही.

[दृश्य: फोन कानाला लावलेला हात. शेजारी वहीत विषयवार नावं.]

निवेदन:
मित्राला फोन. तीस सेकंद असतील तर पूर्ण प्रश्न चार पर्यायांसकट वाचण्यात त्यातली निम्मी जातात. पलीकडून ‘हॅलो, काय म्हणालास?’ आलं की संपलं. आधी मित्राला बजावून ठेवा: नमस्कार-चमत्कार नाही, स्पीकर बंद, टीव्ही बंद. प्रश्न आठ-दहा शब्दांत विचारा, पर्याय तो अडला तरच वाचा. आणि उत्तर आलं की एक शब्द: ‘टक्के?’ ‘नव्वद’ म्हणाला तर घ्या. ‘बहुतेक’ म्हणाला तर तो तुमच्याइतकाच अंधारात आहे.

नोंदीत मित्र निवडताना सगळ्यात हुशार माणूस शोधू नका, विषय वाटून द्या. एक विज्ञानाचा, एक इतिहासाचा, एक खेळाचा. खेळाचा जो असेल त्याला जुने विक्रम तोंडपाठ हवेत. कालचा सामना तर तुम्हीही पाहिलाय.

[दृश्य: मेकअप खोली. कपड्यावर छोटा माइक लावला जातोय.]

निवेदन:
सेटवरच्या बारीकसारीक गोष्टी. बारीक रेघांचा शर्ट किंवा लहान चौकटीची साडी नको, कॅमेऱ्यात ती थरथरते. काचेच्या बांगड्या माइकला ऐकू येतात. एसी जोरात असतो. वेळ संपल्याचा भोंगा, म्हणजे हूटर, वाजला की त्या दिवसाचा खेळ थांबतो आणि तुम्ही पुढच्या भागात तिथून पुढे खेळता, म्हणून कपड्यांचा विचार आधी करून ठेवा. खेळताना पर्याय मोठ्याने बोलून विचार केलेला चालतो. ‘लॉक करा’ म्हणेपर्यंत उत्तर बदलता येतं, त्यानंतर नाही.

[दृश्य: धनादेशाचा मोठा फलक. त्यावर ३० टक्क्यांचा शिक्का.]

निवेदन:
शेवटी कर. बक्षिसावर सरसकट ३० टक्के, आणि तेवढे कापूनच रक्कम हाती येते. यात कोणतीही वजावट चालत नाही, उत्पन्नाची करमुक्त मर्यादाही लागू होत नाही. पण कापलेला कर म्हणजे पूर्ण कर नव्हे, आणि इथेच बरेच जण गाफील राहतात. एक कोटीवर तीस लाख कापले जातात. दुसरं उत्पन्न नाही असं धरलं तरी दहा टक्के अधिभार तीन लाख आणि त्या सगळ्यावर चार टक्के उपकर, एक लाख बत्तीस हजार. एकूण चौतीस लाख बत्तीस हजार. वरचे चार लाख बत्तीस हजार आगाऊ कराच्या पुढच्या हप्त्यात, शेवटचा हप्ता उलटला असेल तर ३१ मार्चच्या आत, स्वतः भरायचे. नाहीतर व्याज लागतं.

बक्षिसात गाडी मिळाली तर तिच्या किमतीवरचा कर आधी भरावा लागतो. तो भरल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी ताब्यात देता येत नाही. रोख रकमेबरोबर आली असेल तर तो त्यातून वळता करता येतो. नुसतीच गाडी मिळाली असेल, तर किल्ली घ्यायला जाण्याआधी तेवढे पैसे उभे करून ठेवा.